टॉवर बंद, रेंज गुल: घाटातल्या कामासाठी मोटरसायकलवर कोणता जीपीएस घ्यावा?

कोयनाकाठ, कराड

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस इथं नुसता वाचत होतो, आज विचारायची वेळ आली.

मी मोबाईल टॉवरच्या देखभालीचं काम करतो. वर चढणारा नव्हे, खालचा: रेक्टिफायर (एसीची डीसी वीज करणारं यंत्र), बॅटरी बँक, डीजी म्हणजे डिझेल जनरेटर, डिझेलचा हिशोब. साइट बंद पडली की कंट्रोल रूमचा फोन येतो, टिकीट (बिघाडाची नोंद) पडतं आणि मी गाडी काढतो. गाडी हिमालयन ४११, सेकंडहँड घेतलेली, पण ठणठणीत. माझा भाग पाटण, मोरगिरी, ढेबेवाडी, कोयनानगर, हेळवाक आणि कुंभार्ली उतरून शिरगाव-अलोऱ्यापर्यंत. शेजारचा माणूस रजेवर गेला की बामणोली-तापोळाही माझ्याच गळ्यात.

आता अडचण ऐका. मला बोलावतात तेव्हाच टॉवर बंद असतो. टॉवर बंद म्हणजे त्या खोऱ्यात रेंज नाही, आणि रेंज नाही म्हणजे फोनमधला मॅप कोरा कागद. निळा ठिपका तेवढा दिसतो, भोवती काहीच नाही. दिवसा माणसं भेटतात, विचारता येतं. रात्री दोन वाजता मोरगिरीच्या पुढं धुक्यात कुणाला उठवणार? साइटचा पत्ता म्हणून कंपनी देते एक एक्सेल शीट. त्यात साइट आयडी, गावाचं नाव (वाडी कुठली ते नाही), आणि लॅटलाँग, म्हणजे अक्षांश-रेखांश. लॅटलाँगचंही काही खरं नाही. काही साइट मॅपवर भलतीकडेच दिसतात. एक तर थेट कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात आहे. तिथं मी स्वतः डिझेल टाकून आलोय, कोरड्या पायांनी.

मला गाण्याबिण्याचं, इंटरकॉमचं वेड नाही. पावसात चालावं, हातमोजे न काढता वापरता यावं, दुपारच्या उन्हात दिसावं, आणि लॅटलाँग टाकला की रेंज नसतानाही तिथपर्यंत न्यावं. खिशातून वीस हजारांपर्यंत घालायची तयारी आहे. कंपनी एक रुपया देणार नाही. साडू जर्मनीत असतात, दिवाळीला येणार आहेत. त्यांचं म्हणणं, "गार्मिनचा झुमो घेऊन येतो, निम्मे पैसे द्या." झुमो म्हणजे मोटरसायकलचा खास जीपीएस. साडूंचं मन मोडवत नाही, पण त्याचे निम्मे म्हणजेसुद्धा माझं बजेट पार. शिवाय पाऊस तोंडावर आहे, दिवाळी लांब.

लडाखचे व्हिडिओ बघून झाले. त्यात सगळे छान हसत असतात, कुणी टिकीट घेऊन निघालेलं दिसत नाही. म्हणून इथं विचारतोय.

दोनचाकी_मन, पिंपरी

एवढं कशाला? गूगल मॅप्समध्ये तेवढा भाग ऑफलाइन उतरवून ठेवा. फुकट आहे. फोन लावायला शंभर-दोनशेचा होल्डर. झालं काम.

कोयनाकाठ

ते केलंय हो. ऑफलाइन असताना पर्यायी रस्ते दाखवत नाही. दरड पडून रस्ता बंद असला की तो आपला "मागे वळा"च म्हणत बसतो. शिवाय पावसाचे थेंब पडले की स्क्रीन आपोआप दाबली जाते, मॅप कुठच्या कुठं जातो. फोन एकच आहे, त्यावरच मीटरचे फोटो काढायचे, टिकीट बंद करायचं आणि घरचा फोन घ्यायचा. तो हँडलवर पावसात लटकवून ठेवणं जिवावर येतं. आणि दोनशेचा होल्डर कुंभार्लीच्या खड्ड्यांत किती टिकतो ते आमच्या ऑफिसातला कुणीही सांगेल.

घाटवेडी, पुणे

झुमो एक्सटी माझ्याकडे आहे, म्हणून साडूंच्या बाजूनं आणि विरुद्ध, दोन्ही सांगते.

बाजूनं बोलायचं तर मोटरसायकलसाठीच बनवलेली वस्तू ती. हे मॉडेल २०२० चं. साडेपाच इंची स्क्रीन, १००० निट्सचा उजेड (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप), त्यामुळे भर दुपारी पालखीच्या उन्हात सासवडजवळसुद्धा मला नीट दिसलं. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी चालावी अशी चाचणी. हातमोजे घालून चालते. पाळण्यातून, म्हणजे ज्यात ती बसवतात त्या होल्डरमधून, वीज घेते, म्हणजे यूएसबीच्या तोंडात पाणी शिरायचा प्रश्न येत नाही. २०२३ मध्ये एक्सटी-२ आला, तो सहा इंची. अमेरिकेत बाजारात येतानाच्या किमती पहिल्याची ५०० डॉलर, दुसऱ्याची ६००. साडू कुठला आणणार त्यावर निम्म्याचा हिशोब करा.

विरुद्ध बोलायचं तर जर्मनीत विकत घेतलेल्या यंत्रात नकाशे युरोपचे असतात. म्युनिकच्या गल्ल्या दिसतील, मोरगिरी दिसणार नाही. ओपनस्ट्रीटमॅपचे (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) गार्मिनला चालणारे भारताचे नकाशे फुकट मिळतात, पण ते संगणकावर उतरवून, केबल लावून आत घालावे लागतात. ही खटपट ज्याला आवडते त्याला काही वाटत नाही. आणि गूगलवर जसं दुकानाचं नाव टाकून शोधतो तसं इथं करायची सवय विसरावी लागते. तुम्हाला लॅटलाँगच टाकायचे आहेत, तेव्हा ही अडचण तुम्हाला कमी.

मी तो घेतला लडाखसाठी. खरं सांगू? अख्ख्या भारतात त्याची गरज सगळ्यात कमी तिथंच पडते. मनाली सोडली की लेहपर्यंत मुख्य रस्ता एकच. तांदीच्या पंपावरची ती प्रसिद्ध पाटी सांगते, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. तिथं पेट्रोलची काळजी करायची, वळणाची नाही. चुकायचं म्हटलं तरी फाटा कुठाय? यंत्राची किंमत वसूल झाली ती परत आल्यावर, वेल्हे, भोर आणि महाड यांच्या मधल्या रस्त्यांवर. प्रत्येक वाडीला एक फाटा, फाट्यावर पाटी नाही, असली तर त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. तुमचं पाटण खोरं त्याच जातीचं.

साडूंना एक गोष्ट मात्र आजच फोन करून सांगा. "सॅटेलाइट नेव्हिगेशन" म्हणून दुकानदार कधी कधी इनरीचसारखं यंत्र पुढं करतात, जे उपग्रहावरून मेसेज आणि एसओएस पाठवतं. ते आणू नका म्हणावं. इरिडियम, थुराया असल्या उपग्रहांशी दोन्ही बाजूंनी बोलणारी यंत्रं आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. गोव्याच्या विमानतळावर याच कारणावरून परदेशी पाहुण्यांना अटक झालेली आहे. झुमो नुसता ऐकतो, पाठवत काही नाही, त्याला अडचण नाही.

वऱ्हाडी_सायलेन्सर, नागपूर

कराडचे भाऊ, तुमच्याकडे पाऊस, आमच्याकडे ऊन. मे महिन्यात वर्ध्याच्या रस्त्यानं निघालो की फोन अर्ध्या तासात "थंड होऊ द्या" म्हणून काळा होऊन राहतो. यात फोनचं नवल नाही. आयफोनचंच घ्या, कंपनी सांगते की भोवतालची हवा ० ते ३५ अंशांत असताना वापरा. आमच्या इथं ३५ म्हणजे होळीच्या आधीची सकाळ. त्यात वायरलेस चार्जिंगवाला होल्डर घेतला की ऊन वरून, गरमी खालून. तो घेऊच नका, तुमच्याकडेही नको.

आता ते अँड्रॉइड ऑटोवाले पाच इंची स्क्रीन निघालेत, फोन खिशात ठेवायचा आणि मॅप स्क्रीनवर. मीही एक घेतला, नाव घेत नाही. दिसायला झकास. पहिल्याच पावसात आतून धुकं धरलं, आता स्क्रीनमध्येच सकाळ होते. चांगले पण असतील बाप्पा, पण लक्षात घ्या, तो नुसता आरसा आहे. डोकं तुमच्या फोनचंच. फोनमध्ये ऑफलाइन नकाशा नसेल तर दहा हजारांच्या स्क्रीनवर तोच कोरा कागद मोठा दिसेल.

शंकूसाखळी, सांगली

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो, आता निवृत्त. बुलेट अजून चालवतो. सर्वांचे वाचले. यंत्र कोणते घ्यायचे ते शेवटी बघू. आधी तुमची एक्सेल शीट बघू, कारण अक्षांश-रेखांशच चुकीचे असतील तर पन्नास हजारांचे यंत्र तुम्हाला अचूकपणे चुकीच्या ठिकाणी नेईल.

तुमचे आकडे दोन कारणांनी भरकटत असणार. पहिले कारण लिहिण्याच्या पद्धतीचे. अंश-मिनिटे-सेकंद ही एक पद्धत, दशांश अंश ही दुसरी. समजा एका जागेचा अक्षांश १७ अंश २४ मिनिटे ३६ सेकंद आहे. दशांशात तो होतो १७.४१. पण घाईत कोणी ते आकडे तसेच चिकटवून १७.२४३६ लिहिले, तर फरक पडला सुमारे ०.१६६ अंशाचा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर. म्हणजे साइट १८ किलोमीटर दक्षिणेला सरकली, कोयनानगर सोडून चांदोलीच्या दिशेला. तुमच्या शीटमध्ये दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन आकडे आणि पुढचे दोन आकडे बघा. सगळ्या साइटमध्ये ते ६० च्या आतच असतील तर दाट संशय घ्यावा.

दुसरे कारण एक्सेलचे. दशांशाचा दुसरा आकडा म्हणजे एक किलोमीटरहून थोडे जास्त, तिसरा म्हणजे एकशे अकरा मीटर, चौथा म्हणजे अकरा मीटर. कोणी रकाना नीटनेटका दिसावा म्हणून दोनच दशांश ठेवले असतील तर काठावरची साइट पाण्यात जायला वेळ लागत नाही. त्या चौकटीवर क्लिक करून वरच्या पट्टीत बघा. बहुतेक वेळा पूर्ण आकडा तिथे शाबूत असतो, छापताना तेवढा लपतो. तुमचा जलाशयातला टॉवर तिथूनच बाहेर निघेल असे वाटते.

आता रेंज आणि जीपीएस यांची गल्लत. उपग्रह आपल्याशी बोलायला टॉवरची वाट बघत नाहीत. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून सतत वेळ सांगत असतात, फोन चार किंवा अधिक उपग्रहांचे ऐकून आपली जागा काढतो. त्याला डेटा लागत नाही. डेटा लागतो तो नकाशाचे चित्र आणायला, आणि उपग्रह आत्ता कुठे आहेत हे चटकन कळायला. रेंज असली तर ही दुसरी माहिती नेटवरून क्षणात येते. नसली तर ती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते, आणि तो ती दर तीस सेकंदांनी सांगतो, तीही संथ गतीने. मध्ये झाड आले, कडा आला, की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून कराड सोडण्याआधी घरासमोर मोकळ्यावर फोनला जागा सापडू द्यावी आणि मग निघावे. खोऱ्यात उतरून, झाडीत उभे राहून पहिल्यांदा जीपीएस चालू केले की माणूस वैतागतो आणि यंत्राला शिव्या देतो.

घाटात आणखी एक गोष्ट घडते. कड्यावर आपटून आलेला सिग्नल आणि सरळ आलेला सिग्नल यांची सरमिसळ होते, मग ठिपका रस्ता सोडून दरीत चालू लागतो. यावर थोडा उतारा म्हणजे दोन फ्रीक्वेन्सी ऐकणारा फोन, एल-१ आणि एल-५. २०१८ पासून असे फोन येत आहेत आणि आता मध्यम किमतीतही मिळतात. जीपीएसटेस्ट नावाचे फुकट ॲप टाकले की तुमच्या फोनला हे जमते का ते कळते. आपल्या इस्रोच्या नाविकचे (जीपीएससारखीच भारतीय उपग्रहांची मालिका) नाव खोक्यावर असेल तर अभिमान वाटून घ्यावा, मलाही वाटतो. पण फक्त तेवढ्यासाठी फोन घेऊ नये. त्या मालिकेतल्या अनेक उपग्रहांची अणुघड्याळे बंद पडली आणि बदली उपग्रह हळूहळू जात आहेत. २०२५ च्या जानेवारीत गेलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. जीपीएसच्या जोडीला नाविक असले तर उत्तम, एवढेच.

आता मुद्द्याचे. पर्यटकाला रस्ता शोधून देणारे यंत्र लागते, कारण तो नवीन ठिकाणी जातो. तुमच्या साइट ठरलेल्या आहेत, पुन्हा पुन्हा त्याच. तुम्हाला मार्ग सांगणाऱ्या बाईपेक्षा नकाशावर दोन ठिपके जास्त उपयोगी: मी कुठे, टॉवर कुठे. मधला रस्ता डोळ्यांनी ठरवता येतो. म्हणून असे करा. दुरुस्त केलेली शीट गूगलच्या माय मॅप्समध्ये चढवा, अक्षांश-रेखांशाचे रकाने कोणते ते सांगितले की सगळे टॉवर एकदम नकाशावर येतात. तिथून केएमएल फाइल (नकाशावरचे ठिपके साठवणारी) उतरवा आणि ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड या ॲपमध्ये उघडा. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात, महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवला की रेंजशी संबंध संपला. ऑर्गॅनिक मॅप्स साधे आहे आणि पूर्ण फुकट. ओस्मअँडमध्ये कळा फार, पण शिकलात तर जास्त देते.

आणि सगळ्यात महत्त्वाचे: जाल तेव्हा ट्रॅक रेकॉर्ड करत जा. तुम्ही ज्या वाटेने खरोखर गेलात ती रेघ साठते. सहा महिन्यांत तुमच्याकडे पाटण तालुक्याचा असा नकाशा तयार होईल जो कोणत्याही कंपनीकडे नाही. उपग्रहाच्या चित्रावरून रस्ता ओढणाऱ्याला वनकुसवडे पठारावर भरपूर रस्ते दिसतात. त्यातला निम्मा भाग पवनचक्क्यांच्या कामाचा आहे, जातो आणि एका चक्कीपाशी संपतो. तुमच्या रेघेला ते माहीत असेल.

छापील असो की मोबाईलवरचा, नकाशाला पाण्याची पातळी कळत नाही. २०२१ च्या जानेवारीत अकोले तालुक्यात कोतूळजवळचा पूल धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता, मॅप मात्र त्यावरूनच वाट दाखवत होता. गाडी रात्री पाण्यात गेली, एक जण दगावला. तापोळा-बामणोलीकडे तुम्हाला तराफ्याचीही भानगड आहे. ॲपला जलाशयावर रेघ दिसते, तराफा संध्याकाळनंतर बंद असतो हे त्याच्या गावीही नसते.

यंत्र म्हणाल तर जुना, धडधाकट, पाणी न शिरणारा फोन घ्या, सिम नको. साडूंना नमस्कार सांगा.

दोनचाकी_मन

+१. एक्सेलची ती लपलेल्या आकड्यांची गोष्ट आमच्या ऑफिसातही चालवून बघतो. काका, हे सगळं ऐकून एक शंका: हँडलवर फोन लावला म्हणून पोलीस दंड करतील का?

घाटवेडी

केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून बदल आहे. चालवताना हातातलं यंत्र वापरायची मुभा फक्त रस्ता बघण्यापुरती, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. त्यामुळे होल्डरमध्ये लावलेला मॅप चालतो, त्यावर व्हॉट्सॲप वाचणं चालत नाही. नाक्यावरच्या साहेबांशी वाद घालायचा असेल तर गाडी बाजूला घेऊन, हेल्मेट काढून, हसून घालावा.

काकांच्या ट्रॅकच्या मुद्द्याला माझाही दुजोरा. पावसाळ्यात वरंध घाट दरवर्षी बंद करतात, २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी करूळ घाट बंद होता. अशा बातम्या ॲपपेक्षा एसटीच्या कंट्रोलरला आधी कळतात. मी निघण्याआधी त्या त्या आगारात फोन करते. आजवर कुणी वैतागलेलं नाही.

बारा_व्होल्ट, कोल्हापूर

गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, म्हणून माझ्यापुरतं बोलतो. फोन घे नाहीतर झुमो घे भावा, सहा महिन्यांनी माझ्याकडं येणारी गाडी वायरिंगमुळंच येते.

पहिलं म्हणजे चार्जर हँडलवर लावू नको. दुकानदार तिथंच लावतो कारण त्याला सोपं. पावसाचं पाणी केबलवरून ओघळत सरळ सॉकेटात जातं, मग आतल्या पट्ट्या हिरव्या. चार्जर टाकीखाली नाहीतर साइड पॅनेलमध्ये ठेव, केबल तेवढी वर आण. वर येताना केबलला खाली एक वळसा ठेव, म्हणजे पाणी वळशावरून टपकतं, आत जात नाही. फोनच्या बाजूला काटकोनातली पिन घे. सरळ पिन हादऱ्यांनी फोनचं तोंडच ढिलं करते. पिनवर थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस, ओल आत जाऊ नये म्हणून.

करंटचं भ्यायचं कारण नाही. पाच व्होल्टला दोन अँपिअर म्हणजे दहा वॅट, बॅटरीकडून एक अँपिअरच्या आसपास. गाडी चालू असताना हिमालयनला ते जाणवणारपण नाही. गाडी बंद असताना चार्जर चालू राहिला तर मात्र चार दिवस उभ्या गाडीत सेल्फ बसतो. तीन अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या जवळ लाव, चार्जरच्या जवळ नको. वायर मधे कुठं चेपली तर तोच वाचवतो.

होल्डर चार बोटांचा लोखंडी पंजा घे, वर रबराचं जाळं, आणि फोनच्या कव्हराला एक दोरी. चांगला कॅमेरेवाला फोन असेल तर हादरे खाणारा डॅम्पर लागतोच. २०२१ मध्ये ॲपलनंच जाहीर केलंय की मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलचे हादरे कॅमेऱ्यातल्या स्थिर करणाऱ्या भागाला बिघडवू शकतात. एक सिलिंडरच्या गाडीवर मी तर कुणाचाच रोजचा फोन लावू देत नाही. जुना फोन लाव हे काकांचं बरोबर आहे, जुन्याचा कॅमेरा गेला तरी कोण रडतंय.

कोयनाकाठ

मंडळी, उशिरा लिहितोय. पाऊस सुरू झाला आणि टिकिटांचा पाऊसही.

काका, शीट उघडून वरच्या पट्टीत बघितलं. जलाशयातला टॉवर निघाला बाहेर! पूर्ण पाच दशांश आत होते, वर दोनच दिसत होते. आणि मोरगिरीकडच्या काही साइट तुम्ही म्हणालात तशा मिनिटं-सेकंदवाल्या. कुणीतरी भरताना ठिपका देऊन मोकळा झालेला. बदलून कंट्रोल रूमला पाठवल्या. तिकडून उत्तर आलं, "मास्टर शीटमध्ये बदल करता येत नाही, विनंती वर पाठवली आहे." बरं.

फोन घेतला जुना, जाडजूड, रबरी अंगाचा, कामगार वापरतात तसला. साडेसहा हजार. सिम नाही. ग्लोव्ह मोड आहे, त्यानं हातमोज्यांचं काम बरंचसं भागतं, पण जोराच्या सरीत स्क्रीन अजूनही वेडी होते. मग मी ती लॉक करून टाकतो, नुसती बघायची, हात लावायचा नाही. दुपारी ऊन पडलं की घाटवेडीताईंच्या झुमोएवढं दिसत नसणार, हे मान्य. पण इथं चार महिने ऊन आहे कुठं?

ऑर्गॅनिक मॅप्सवर सगळे टॉवर ठिपके होऊन बसलेत. परवा पहिल्यांदा रात्री ढेबेवाडीच्या वरच्या साइटला कुणाला न विचारता पोचलो. जाताना एका फाट्यावर ॲप डावीकडं म्हणत होतं, माझी आधीची रेघ उजवीकडं. रेघेचं ऐकलं. सकाळी उजेडात येताना डावीकडचा रस्ता बघितला, पुढं शेताचा बांध आणि गोठा.

साडूंना फोन केला. झुमो नको म्हटल्यावर जरा हिरमुसले. मग मीच म्हटलं, चांगला रेनसूट आणा, दोन भागांचा, आमच्याकडचे शिवणीतून गळतात. त्याचे पूर्ण पैसे देतो. खूश झाले. माप विचारून घेतलं, आता बायको म्हणते दाजींना एवढा मोठा आकडा सांगायची लाज नाही वाटली?

बारा_व्होल्ट, तुम्हाला एक विचारायचं राहिलं. चार्जर टाकीखाली लावला, फ्यूज बॅटरीजवळ घातला. पण आमच्या इथल्या मिस्त्रीनं लाइन सरळ बॅटरीवरून घेतली, चावी काढली तरी फोनवर चार्जिंगची खूण दिसते. स्विच टाकू की दुसरं काही?

बारा_व्होल्ट

स्विच टाकू नको, रात्री थकून आलास की बंद करायचा राहणार. रिले टाक, म्हणजे चावीच्या करंटवर आपोआप चालू-बंद होणारा स्विच, शंभर-सव्वाशेला मिळतो. बॅटरीवरून आलेली आत्ताची लाइन फ्यूजसकट तशीच रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला, ८७ मधून चार्जरला. ८६ ला पार्किंग लाइटच्या वायरमधून ट्रिगर घे, ८५ अर्थला. चावी फिरवली की चालू, काढली की बंद. पार्किंगची वायर कोणती ते रंगावरून ठरवू नको, सेकंडहँड गाडी आहे, आधीच्या मालकानं काय जोडलंय सांगता येत नाही. टेस्टर लावून, चावी दोनदा फिरवून खात्री कर. रिले पालथा बसव, पिना खाली, नाहीतर त्यातपण पाणी साठतं.

जमलं नाही तर गाडी घेऊन ये. सोमवार सोडून कधीपण.